कायदा न करता उभी राहिलेली शाळा : ॲनापोलिस, १८४५

पार्श्वभूमी

अमेरिकेच्या नौदलाचे अधिकारी घडवणारी ॲनापोलिस (मेरीलँड) येथील शाळा, म्हणजे पुढची नेव्हल ॲकॅडमी, कशी उभी राहिली त्याची ही हकिकत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेच्या नौदलात अधिकारी व्हायचे असेल तर सुरुवात मिडशिपमन या हुद्द्यापासून करावी लागे. हा हुद्दा मोठा अवघड जागी बसलेला होता. मिडशिपमनला कमिशन (पूर्ण अधिकारीपदाची सनद) नसे, वॉरंट (खालच्या दर्जाचे नेमणूकपत्र) असे. म्हणजे तो पुरता अधिकारी नव्हता, पण खलाशांवर हुकूम सोडण्याचा अधिकार त्याला होता, आणि ज्यांच्यावर हुकूम सोडायचा त्यांतले अनेक जण वयाने त्याचे वडील शोभावेत असे असत. पुढे अमेरिकेचा पहिला ॲडमिरल झालेला डेव्हिड फॅरागट १८१० मध्ये मिडशिपमन झाला तेव्हा अवघ्या नऊ वर्षांचा होता. नेमणुकीसाठी प्रवेशपरीक्षा नव्हती. नौदलमंत्र्याकडे कोणाचे वजन आहे, काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, कोणत्या सदस्याने चिठ्ठी दिली आहे, यावर बहुतेक नेमणुका ठरत.

एकदा जहाजावर चढल्यावर मुलाचे शिक्षण जहाजावरच व्हायचे. १८०२ च्या नियमांनी हे काम जहाजावरच्या धर्मोपदेशकाकडे दिले होते; त्याने मुलांना लेखन, अंकगणित आणि नौकानयन शिकवावे अशी अपेक्षा होती. पुढे त्यासाठी शिक्षक नेमले गेले, आणि १८३५ च्या वेतनकायद्याने त्यांना ‘गणिताचे प्राध्यापक’ असे भारदस्त नाव व वर्षाला १,२०० डॉलर पगार मिळाला. नाव बदलले तरी परिस्थिती फारशी बदलली नाही. वर्ग भरायचा तो पहाऱ्याच्या पाळ्या, कवायत आणि हवामान यांतून सवड मिळाली तर. कप्तानाला शिक्षणाची आवड असेल तर मुले थोडेफार शिकत. नसेल तर प्राध्यापक जहाजावरचा एक निरुपयोगी प्रवासी ठरे.

१८१९ पासून बढतीसाठी परीक्षा सुरू झाली. काही वर्षे समुद्रावर काढल्यानंतर मिडशिपमन वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या मंडळापुढे उभा राही, आणि उत्तीर्ण झाला की ‘पास्ड मिडशिपमन’ म्हणवला जाई. मात्र उत्तीर्ण होणे म्हणजे लेफ्टनंट होणे नव्हे. लेफ्टनंटाची जागा रिकामी झाल्यावरच बढती मिळायची, आणि शांततेच्या काळात जागा लवकर रिकाम्या होत नसत. त्यामुळे तिशी ओलांडलेली, संसार थाटलेली माणसेसुद्धा पास्ड मिडशिपमन म्हणून दिवस काढत होती. समुद्रावरच्या मिडशिपमनला वर्षाला ४०० डॉलर, कामावरच्या पास्ड मिडशिपमनला ७५० आणि लेफ्टनंटाला १,५०० हे १८३५ चे वेतन पाहिले की या पायरीवर अडकून पडण्याची किंमत कळते.

परीक्षा आली तशी परीक्षेची तयारी करून घेणारी व्यवस्थाही आली. बोस्टन, न्यूयॉर्क, नॉरफोक आणि फिलाडेल्फिया येथील नौदलाच्या ठाण्यांवर छोट्या शाळा चालत. त्यांत बहुतांश घोकंपट्टी चाले. फिलाडेल्फियाची शाळा मात्र वेगळी ठरली. वृद्ध आणि अपंग खलाशांसाठी बांधलेल्या आश्रमाच्या इमारतीत ती भरे, आणि १८४२ मध्ये तेथे विल्यम शोवने नावाचा विशी नुकतीच ओलांडलेला गणितज्ञ रुजू झाला. येल विद्यापीठातून बाहेर पडून त्याला दोनच वर्षे झाली होती. आठ महिन्यांच्या मुदतीत परीक्षेपुरते गणित गळी उतरवण्यात अर्थ नाही, हे त्याच्या लगेच ध्यानात आले. त्याने दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाची योजना लिहून पाठवली. नौदलमंत्री डेव्हिड हेन्शॉ यांनी ती मान्य केली. नंतरचे मंत्री जॉन मेसन यांनी, इतके अधिकारी इतका काळ जहाजांवरून मोकळे करता येणार नाहीत म्हणून, ती रद्द केली. योजना कागदावर राहिली, पण फाडली गेली नाही, आणि पुढच्या घटनांत या कागदाचा मोठा वाटा आहे.

अडचण

किनाऱ्यावर नौदलाची स्वतंत्र शाळा हवी ही मागणी जुनीच होती. लष्कराला वेस्ट पॉइंट ही अधिकारी घडवणारी संस्था १८०२ मध्ये मिळाली. अध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स यांनी १८२५ च्या आपल्या पहिल्या वार्षिक संदेशात नौदलासाठी तशीच संस्था मागितली. १८२७ मध्ये सिनेटने ती मान्यही केली, पण प्रतिनिधिगृहात ती अडली. विरोधकांचे तीन आक्षेप वर्षानुवर्षे तेच राहिले. खर्च वाढेल. सरकारी पैशाने एक उमराव वर्ग पोसला जाईल. आणि दर्यावर्दी माणूस दर्यावरच घडतो, बाकांवर बसून नव्हे. या तिसऱ्या आक्षेपाला नौदलातल्याच अनेक ज्येष्ठ कप्तानांचा पाठिंबा होता, आणि तो मूर्खपणाचा नव्हता; ज्या पिढीने ब्रिटनविरुद्धचे १८१२ चे युद्ध गाजवले ती पिढी कोणत्याही शाळेत न जाता तयार झाली होती.

पण जहाजे बदलत होती. वाफेवर चालणारी यंत्रे नौदलात येऊ लागली होती, आणि बॉयलरचे गणित पहाऱ्यावर उभे राहून आपोआप समजत नाही.

याच काळात ‘सोमर्स’चे प्रकरण घडले. सप्टेंबर १८४२ मध्ये न्यूयॉर्कहून आफ्रिकेच्या किनाऱ्याकडे निघालेल्या या छोट्या ब्रिगवर सुमारे १२० माणसे दाटीवाटीने भरलेली होती आणि त्यांतली निम्म्याहून अधिक अल्पवयीन शिकाऊ खलाशी होती. अधिकाऱ्यांमध्ये फिलिप स्पेन्सर नावाचा एकोणीस वर्षांचा हंगामी मिडशिपमन होता. त्याचे वडील जॉन स्पेन्सर त्या वेळी अमेरिकेचे युद्धमंत्री होते. आधीच्या जहाजांवर त्याने घातलेले गोंधळ सर्वश्रुत होते. तो आपल्या जहाजावर नको असे कमांडर अलेक्झांडर स्लायडेल मॅकेन्झी यांनी प्रस्थानापूर्वी सुचवून पाहिले, पण बदली झाली नाही. परतीच्या प्रवासात २६ नोव्हेंबरला, स्पेन्सरने जहाज बळकावून चाचेगिरी करण्याचा बेत आखला आहे, अशी खबर मॅकेन्झींपर्यंत पोहोचली. त्याच्याकडे ग्रीक लिपीत लिहिलेली नावांची यादी सापडली. कोर्ट-मार्शल न भरवता, जहाजावरच्या अधिकाऱ्यांचे मत घेऊन, १ डिसेंबर १८४२ रोजी स्पेन्सर, सॅम्युअल क्रॉमवेल आणि एलिशा स्मॉल या तिघांना फासावर चढवण्यात आले. जहाज चारच दिवसांत सेंट थॉमस बंदराला लागले. पुढे मॅकेन्झींवर कोर्ट-मार्शल भरले आणि १८४३ मध्ये ते सुटले, पण देशभर वाद पेटला तो पेटलाच.

ॲनापोलिसची गोष्ट सांगताना अनेक जण येथून थेट १८४५ वर उडी मारतात. ती उडी मला पटत नाही. ‘सोमर्स’ ही अधिकाऱ्यांची शाळा नव्हती. १८३७ च्या कायद्याने सुरू झालेल्या शिकाऊ खलाशी योजनेतले ते जहाज होते, आणि त्या प्रवासाने सर्वांत आधी बदनाम केली ती ही योजना. मिडशिपमनच्या बाबतीत ‘सोमर्स’ने उघडे पाडले ते एवढेच, की वशिल्याने आत आलेल्या आणि सेवेला लायक नसल्याचे उघड झालेल्या मुलाला बाहेर काढण्याचे कोणतेही ठरलेले ठिकाण या व्यवस्थेत नव्हते. त्याला एका जहाजावरून दुसऱ्या जहाजावर ढकलणे एवढाच उपाय होता. प्रवेशाच्या वेळी चाळणी नाही, पहिल्या वर्षात पारख नाही, आणि पहिली खरी परीक्षा कित्येक वर्षांनी. दोष त्या मुलाचा कितीही असो, हुद्द्याच्या रचनेतला दोष त्याच्या आधीपासून होता.

समोरचे मार्ग

मार्च १८४५ मध्ये अध्यक्ष जेम्स पोक यांच्या मंत्रिमंडळात जॉर्ज बॅन्क्रॉफ्ट नौदलमंत्री झाले. हे गृहस्थ दर्यावर्दी नव्हते. हार्वर्डचे पदवीधर, ग्योटिंगेनहून डॉक्टरेट मिळवलेले इतिहासकार आणि मॅसॅच्युसेट्समध्ये १८२३ मध्ये राउंड हिल ही शाळा भागीदारीत काढून चालवलेले शिक्षक, अशी त्यांची ओळख होती. शाळा चालवण्यात पैसा कोठे मुरतो आणि शिस्त कोठे मोडते, हे त्यांनी स्वतः अनुभवलेले होते.

सरळ मार्ग विधेयकाचा होता. तो घेतला असता तर संस्थेला पहिल्या दिवसापासून कायद्याचा आधार मिळाला असता. पण वीस वर्षांचा इतिहास सांगत होता की विधेयक एका सभागृहात मान्य होते आणि दुसऱ्यात मरते. शिवाय नवी काँग्रेस डिसेंबरपर्यंत भरणार नव्हती. दुसरा मार्ग आहेत त्या चार शाळाच सुधारण्याचा होता. त्यात राजकीय धोका जवळजवळ नव्हता, पण चार ठिकाणी चार दर्जांचे शिक्षण, शिवाय मोठ्या शहरांच्या करमणुका दाराशी, हा मूळ रोग तसाच राहिला असता. तिसरा मार्ग म्हणजे बंदरात नांगरलेल्या जहाजावर शाळा भरवणे. जुन्या कप्तानांना तो रुचला असता. प्रयोगशाळा, ग्रंथालय आणि वर्गखोल्या यांना मात्र तेथे जागा नसती. वेस्ट पॉइंटमध्येच नौदलाची मुले पाठवावीत ही कल्पना कागदावर स्वस्त होती, पण त्यात नौदल कायमचे लष्कराच्या ओसरीवर बसले असते.

परदेशाकडे पाहून उत्तर मिळण्यासारखे नव्हते, हे येथे सांगायला हवे. ब्रिटनच्या नौदलाने पोर्ट्समथला अठराव्या शतकापासून किनाऱ्यावरची शाळा चालवली होती आणि १८३७ मध्ये ती मुलांसाठी बंद करून टाकली होती. १८४५ मध्ये जगातले सर्वांत मोठे नौदल आपल्या कोवळ्या उमेदवारांना पुन्हा थेट जहाजांवरच पाठवत होते. ‘ब्रिटानिया’ हे प्रशिक्षण जहाज तेथे १८५९ मध्ये आले. म्हणजे शाळेच्या विरोधकांकडे एक भक्कम उदाहरण होते, आणि त्यांनी ते वापरण्यापूर्वीच बॅन्क्रॉफ्ट यांना काम उरकायचे होते.

निर्णय आणि कृती

पहिला निर्णय कोणाला काय विचारायचे याचा होता, आणि माझ्या मते संपूर्ण प्रकरणात सर्वांत चतुर निर्णय हाच. दरवर्षीप्रमाणे जून १८४५ मध्ये फिलाडेल्फियाला मिडशिपमनांची परीक्षा घेण्यासाठी ज्येष्ठ अधिकाऱ्यांचे मंडळ जमले होते. जॉर्ज रीड, थॉमस कॅट्सबी जोन्स, मॅथ्यू पेरी अशी वजनदार माणसे त्यात होती. १३ जूनला बॅन्क्रॉफ्ट यांनी या मंडळाला पत्र पाठवले. शाळा असावी की नसावी, असा प्रश्न त्यांनी विचारलाच नाही. ॲनापोलिसचा सेव्हर्न किल्ला मिळाला तर तेथील शाळेची व्यवस्था कशी असावी, मुले कोणत्या वयाची घ्यावीत, काय शिकवावे, असे तपशील त्यांनी विचारले. तपशिलावर मत देणारा माणूस मूळ कल्पनेला आपोआप संमती देऊन बसतो. पत्र पोहोचले त्या वेळी मंडळासमोर शोवनेची शाळा प्रत्यक्ष चालू होती आणि तिचे विद्यार्थी तोंडी परीक्षेला उभे होते, हाही योगायोग म्हणता येणार नाही. मंडळाने अनुकूल अहवाल दिला. तरुण अधिकाऱ्यांकडूनही तसेच मत घेण्यात आले, त्यामुळे पुढे कोणा म्हाताऱ्या कप्तानाने कुरकुर केली तरी ती एकट्याची कुरकुर ठरणार होती.

पेरी यांच्याविषयी एक गोष्ट नोंदवायला हवी. ते ‘सोमर्स’च्या मॅकेन्झींचे मेहुणे होते, त्यांची दोन मुले त्या प्रवासात जहाजावर होती, आणि शिकाऊ खलाशी योजनेचे ते खंदे पुरस्कर्ते होते. अशा माणसाची सही अहवालावर असणे म्हणजे ‘सोमर्स’च्या वादातली एक अख्खी बाजू शाळेच्या मागे उभी राहणे होते.

दुसरा प्रश्न जागेचा. १८०८ मध्ये सेव्हर्न नदीच्या मुखाशी बांधलेला हा लहानसा किल्ला लष्कराला आता फारसा उपयोगाचा राहिला नव्हता. युद्धमंत्री विल्यम मार्सी यांनी तो नौदलाला द्यायला हरकत घेतली नाही, आणि १५ ऑगस्ट १८४५ रोजी सुमारे दहा एकरांची जागा, तिच्यावरच्या जुन्या इमारतींसह, हस्तांतरित झाली. एका खात्याची मालमत्ता दुसऱ्या खात्याला देण्यासाठी काँग्रेसपुढे जाण्याची गरज पडली नाही. (मार्सी यांचा मुलगा स्वतः पास्ड मिडशिपमन होता आणि नव्या शाळेत तो गणिताचा साहाय्यक झाला. यावरून काही निष्कर्ष काढायचा तर तो वाचकाने काढावा.)

पैशाचा प्रश्न त्याहून नाजूक होता. नवी तरतूद मागितली की चर्चा आली, आणि चर्चा आली की जुने आक्षेप आले. बॅन्क्रॉफ्ट यांनी अंदाजपत्रकातल्या जुन्याच रकमेकडे पाहिले. जहाजांवर आणि ठाण्यांवर विखुरलेल्या सुमारे दोन डझन प्राध्यापकांचे आणि भाषाशिक्षकांचे पगार मंजूर होते. पण हे पगार प्रत्यक्ष कामावर असलेल्यांनाच मिळायचे. त्यांतले जे चांगले होते त्यांना ॲनापोलिसला नेमायचे आणि बाकीच्यांना ‘हुकुमाची वाट पाहा’ असे सांगून घरी बसवायचे, म्हणजे त्यांच्या पगाराची रक्कम शिल्लक राहते. त्या रकमेतून शाळा सुरू करता येते. एकही नवा डॉलर न मागता त्यांनी हे केले.

नेतृत्वासाठी त्यांनी कमांडर फ्रँकलिन ब्युकॅनन यांना निवडले. ब्युकॅनन १८१५ मध्ये चौदाव्या वर्षी मिडशिपमन झालेले, म्हणजे जुन्या पद्धतीतच घडलेले आणि शिस्तीबद्दल कडक म्हणून ख्याती असलेले अधिकारी होते. ७ ऑगस्टला त्यांना योजना आखायला सांगण्यात आले आणि आठवड्याभरात त्यांनी ती सादर केली. प्रवेशाचे वय १३ ते १६ वर्षे, वैद्यकीय तपासणी, वाचन, लेखन, अंकगणित, भूगोल आणि व्याकरण यांची परीक्षा, आणि ती उत्तीर्ण झाल्यावरही सुरुवातीला फक्त हंगामी मिडशिपमनचा दर्जा, अशी ती योजना होती. चाळणी पहिल्यांदाच दारापाशी आली होती.

१० ऑक्टोबर १८४५ रोजी शाळा सुरू झाली. सुमारे ५० विद्यार्थी आणि सात जणांचा अध्यापकवर्ग होता. शोवने यांच्याकडे गणित व नौकानयन, हेन्री लॉकवूड यांच्याकडे पदार्थविज्ञान, आर्सेन जिरो यांच्याकडे फ्रेंच, लेफ्टनंट जेम्स वॉर्ड यांच्याकडे तोफखाना व वाफेची यंत्रे, असे विषय वाटले गेले. १ डिसेंबरला काँग्रेस भरली तेव्हा तिच्यापुढे प्रस्ताव नव्हता, चालू असलेली संस्था होती. ती बंद करण्यासाठी कोणाला तरी उभे राहून तसे म्हणावे लागले असते. कोणी म्हटले नाही, आणि ऑगस्ट १८४६ मध्ये काँग्रेसने किल्ल्यातील दुरुस्ती व शिक्षणासाठी २८,२०० डॉलरपर्यंत रक्कम मंजूर करून शाळेचे अस्तित्व मान्य केले.

परिणाम

पहिली चार-पाच वर्षे शाळा कशीबशी चालली असे म्हणणे योग्य ठरेल. याची कारणे नेमकी त्या उपायांत होती ज्यांमुळे ती उघडता आली.

विद्यार्थ्यांची भरती सरमिसळ होती. नुकतेच आलेले तेरा-चौदा वर्षांचे हंगामी मिडशिपमन आणि पाच वर्षे समुद्रावर काढून, मिशा फुटून, परीक्षेच्या तयारीसाठी आलेले विशीतले तरुण एकाच आवारात होते. अभ्यासक्रम कागदावर पाच वर्षांचा होता: पहिले आणि शेवटचे वर्ष शाळेत, मधली तीन जहाजावर. प्रत्यक्षात एखाद्या जहाजाला माणसे कमी पडली की विद्यार्थी सत्राच्या मध्येच उचलले जात, आणि जहाज परतले की अवेळी परत येत. मे १८४६ मध्ये मेक्सिकोशी युद्ध सुरू झाल्यावर तर थोरले विद्यार्थी समुद्रावर जाण्यासाठी अर्जांवर अर्ज करू लागले. खुद्द ब्युकॅनन यांनीही अर्ज केला आणि १८४७ मध्ये ते जहाजावर गेले.

शिस्तीचा प्रश्न त्याहून कठीण होता. समुद्रावर पाच वर्षे माणसांवर हुकूम गाजवलेल्या तरुणाला रात्री ठरल्या वेळी दिवा विझवायला सांगणे सोपे नव्हते. १८४८ मध्ये विद्यार्थ्यांमध्ये द्वंद्वयुद्धे झाली आणि काही जणांना काढून टाकावे लागले. (विद्यार्थ्यांची नावे येथे मुद्दाम दिलेली नाहीत, त्यांनी प्रकरणात काही भर पडत नाही.) त्याच वर्षी विद्यार्थ्यांना पायदळाची कवायत शिकवणाऱ्या प्राध्यापक लॉकवूड यांच्या पुतळ्याला फाशी देण्याचा प्रकार घडला. दोषी मुलांवर कारवाई करताना एक अडचण उघड झाली, ती पोरखेळाची नव्हती: प्राध्यापक हा नौदलाचा कमिशनप्राप्त अधिकारी नव्हता, मग तो मिडशिपमनचा ‘वरिष्ठ’ कोणत्या अर्थाने? ऑगस्ट १८४८ मध्ये काँग्रेसने गणिताच्या प्राध्यापकांची संख्या बारावर मर्यादित केली आणि त्यांना कमिशन दिले. शाळा स्थापन करताना जो कायदा टाळला होता, त्याचा एकेक तुकडा असा मागाहून करावा लागत होता.

१८४९ मध्ये अधिकाऱ्यांच्या मंडळाने पुनर्रचना सुचवली. १ जुलै १८५० पासून नवे नियम लागू झाले आणि शाळेला ‘युनायटेड स्टेट्स नेव्हल ॲकॅडमी’ हे नाव मिळाले. १८५१ मध्ये सलग चार वर्षांचा अभ्यासक्रम आणि उन्हाळ्यात प्रशिक्षण जहाजावर सफर ही रचना स्वीकारली गेली. या रचनेतून बाहेर पडलेली पहिली तुकडी १८५४ ची, आणि तिच्यात फक्त सहा जण होते. शोवने यांनी दशकभर आधी मागितलेले सलग शिक्षण अखेर मिळाले, आणि समुद्र की बाक हा जुना वाद उन्हाळी सफरींनी बराच शमवला.

हुद्द्यांचा प्रश्न मात्र आणखी आठ वर्षे लोंबकळत राहिला. ॲकॅडमीतून उत्तीर्ण झालेला तरुण पुन्हा त्याच जुन्या रांगेत, म्हणजे पास्ड मिडशिपमनांच्या रांगेत, उभा राहायचा. १६ जुलै १८६२ च्या कायद्याने, उत्तर आणि दक्षिणेकडील राज्यांमधले गृहयुद्ध ऐन भरात असताना, एन्साइन हा कमिशन असलेला नवा कनिष्ठ हुद्दा निर्माण झाला आणि पास्ड मिडशिपमन ही पायरी मोडीत निघाली. ब्रिटनमध्ये एकच वर्ष आधी, १८६१ मध्ये, ‘मेट’ या तशाच अधांतरी हुद्द्याचे सब-लेफ्टनंट झाले होते. भारतीय नौदलाने घेतली ती ही ब्रिटिश शिडी. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून नौदलाकडे गेलेला छात्र आजही आधी मिडशिपमन आणि मग सब-लेफ्टनंट होतो.

पहिल्या अध्यापकवर्गाचे पुढे काय झाले, तेही सांगण्यासारखे आहे. वॉर्ड जून १८६१ मध्ये लढाईत मारले गेले. गृहयुद्धात पडलेले ते उत्तरेच्या नौदलाचे पहिले अधिकारी. ब्युकॅनन दक्षिणेकडे गेले आणि मार्च १८६२ मध्ये हॅम्प्टन रोड्सच्या लढाईत ‘व्हर्जिनिया’ या चिलखती जहाजाचे नेतृत्व त्यांनी केले, त्याच नौदलाविरुद्ध ज्याच्यासाठी त्यांनी शाळा उभी केली होती. ॲकॅडमी तेव्हा ॲनापोलिसहून ऱ्होड आयलंडमधील न्यूपोर्टला हलवलेली होती. ती १८६५ मध्ये परतली.

वेगळे काय करता आले असते

विधेयकाची वाट पाहायला हवी होती असे मला वाटत नाही. ज्या सभागृहाने १८२७ मध्ये नकार दिला त्याच्याकडे १८४५ मध्ये पुन्हा हात पसरण्यासाठी कोणतेही नवे कारण नव्हते. वाफेची यंत्रे हे कारण खरे होते, पण ते मतदारांना समजावणे कठीण होते. तथापि उद्घाटनानंतरच्या पहिल्याच अधिवेशनात, म्हणजे १८४५-४६ च्या हिवाळ्यात, पैशाबरोबर प्राध्यापकांचा दर्जा आणि विद्यार्थ्यांचे सत्र संपेपर्यंतचे संरक्षण या दोन गोष्टी तरी कायद्यात बसवता आल्या असत्या. संस्था चालू होती, तिच्याविरुद्ध कोणी बोलत नव्हते, आणि मंत्री तोपर्यंत पदावर होते. सप्टेंबर १८४६ मध्ये बॅन्क्रॉफ्ट ब्रिटनमध्ये राजदूत म्हणून गेले आणि ही संधी त्यांच्याबरोबर गेली. ती साधली असती तर लॉकवूड प्रकरणातला पेच टळला असता.

थोरल्या आणि धाकट्या विद्यार्थ्यांना एकत्र आणण्याचा निर्णय मात्र मला खरोखर चुकीचा वाटतो. थोरल्यांना परीक्षेसाठी आणखी दोन-तीन वर्षे फिलाडेल्फियातच ठेवता आले असते. ती शाळा चालू होती, तिची परीक्षा-परंपरा होती, आणि ती बंद केल्याने वाचलेला पैसा फार नव्हता. याच्या विरुद्ध असा युक्तिवाद करता येतो की दोन शाळा राहिल्या असत्या तर काँग्रेसने स्वस्त ती ठेवली असती, आणि शोवने एकटाच होता, त्याला दोन ठिकाणी वाटता आले नसते. दुसरा मुद्दा वजनदार आहे. पहिला मला तितका पटत नाही, कारण किल्ला नौदलाच्या ताब्यात गेल्यावर तो परत घेणे लष्करालाच नको होते.

घरी बसवलेल्या प्राध्यापकांविषयी या प्रकरणात सहसा कोणी बोलत नाही. त्यांतले काही शिकवण्यास नालायक असतील, पण सगळे नक्कीच नव्हते, आणि १,२०० डॉलरवर घर चालवणाऱ्या माणसाला एका पत्राने बिनपगारी करणे ही या योजनेची सर्वांत कठोर बाजू होती. त्यांना परीक्षेला बसवून निवड करता आली असती, किंवा निदान ठरावीक महिन्यांची आगाऊ सूचना देता आली असती. पण सूचना दिली की बातमी फुटते, आणि बातमी फुटली की डिसेंबरपूर्वी काम उरकण्याचा बेत फसतो. बॅन्क्रॉफ्ट यांनी गुप्तता निवडली. ज्यांचे पगार थांबले त्यांच्यापैकी कोणाला ती निवड न्याय्य वाटली असेल, असे मानायला काही आधार नाही.

राहता राहिला हुद्दा. १८४५ मध्ये शिक्षण सुधारले आणि बढतीची रांग तशीच ठेवली, हे अपुरे काम होते. पण रांग बदलायची तर लेफ्टनंटांच्या जागा, वेतन आणि ज्येष्ठता या तिन्हींना हात घालावा लागला असता, आणि ते कायद्याशिवाय शक्यच नव्हते. सेवानिवृत्तीची नीट व्यवस्था नसल्यामुळे वरच्या जागा म्हाताऱ्या कप्तानांनी अडवलेल्या होत्या. शाळेच्या बाजूने अहवाल देणारे मंडळ ज्या पिढीचे होते, तीच ती पिढी. तिच्याकडून एकाच उन्हाळ्यात शाळेला पाठिंबा आणि स्वतःची जागा अशा दोन्ही गोष्टी मागणे बॅन्क्रॉफ्ट यांना परवडणारे नव्हते.